शाळा चालविण्याचेही शिक्षण असते

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरगावच्या एखाद्या विदुषीला बोलावतो, तिचे भाषण ऐकतो आणि हळदीकुंकू घेऊन घरी जातो. या वर्षी चिटणीसबाईंच्या मनात आले की, मंडळातल्याच बाईने बोलावे. विषयही त्यांनीच नेमून दिला. ‘तुमच्या जाऊबाई नोकरी सांभाळून एम. ए. झाल्या, आता मुख्याध्यापिका आहेत. हे सगळे तुमच्या डोळ्यांदेखत झाले. त्याविषयी सांगा.’ मी म्हटले, जाऊबाईंनाच उभे करा. तर जाऊबाई म्हणाल्या, ‘मी बोलले तर त्याचा तास होईल. तू बोल.’ म्हणून मी उभी आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. एम. ए.च्या अभ्यासाविषयी सातवीच्या बाईने बोलावे, याची काही जणींना गंमत वाटेल. पण एका घरात एक बाई पदवी घेते तेव्हा तिला वेळ काढून देणारी दुसरी बाई त्याच घरात असते. त्या वेळेचा हिशेब माझ्याजवळ आहे. शिवाय त्या अभ्यासातले पुष्कळसे मी कानाने ऐकले आहे. ते कसे, ते पुढे सांगेन.

प्रथम ही पदवी कसली ते सांगते, कारण आमच्या आळीतच तिच्याविषयी चार तऱ्हेची मते होती. जाऊबाई बी. एस्सी., बी. एड. आहेत. वीस वर्षे त्या गणित आणि विज्ञान शिकवीत होत्या. २०१८ साली त्यांनी मुक्त विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या एम. ए.ला नाव घातले आणि त्यात शैक्षणिक व्यवस्थापन हा खास विषय घेतला. याच विषयाला कुठे शैक्षणिक प्रशासन म्हणतात, कुठे शालेय नेतृत्व म्हणतात. नावे निराळी, पण गाभा एकच : शाळा कशी चालवावी.

त्यावर शेजारच्या एका आजींनी विचारले, ‘अगं, वीस वर्षं शाळेत जाते, तिला शाळा कशी चालते ते ठाऊक नाही का?’ प्रश्न साधा आहे आणि पुष्कळांच्या मनात तोच असतो. मी त्यांना म्हटले, ‘आजी, वीस वर्षं एस. टी.त बसलेल्या माणसाला डेपो चालवता येतो का?’ वर्गात शिकविणे हे एक काम. चाळीस मुलांपुढे उभे राहायचे, विषय समजावून द्यायचा, वह्या तपासायच्या. शाळा चालविणे हे दुसरे काम. कोणत्या शिक्षकाला कोणता वर्ग द्यावा, रजेवर गेलेल्याचा तास कोणी घ्यावा, नव्या शिक्षकाचा तास मागे बसून पाहिल्यावर त्याला काय सांगावे आणि कसे सांगावे, अनुदानाचा पैसा कुठे खर्चावा आणि त्याचा कागद कसा ठेवावा, पालक रागावून आले तर आधी काय ऐकावे, हे सगळे त्यात येते. विद्यार्थ्यांची संख्या घटली की संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते. यू-डायसची माहिती वेळेत भरली नाही तर शाळेची खरी स्थिती वर कळत नाही. शिष्यवृत्तीची तारीख चुकली तर एखाद्या मुलीचे वर्ष अडते. यांतले काहीही बी. एड.च्या पाठांत हातात येत नाही.

आता यातला एक विचित्रपणा पाहा. आपल्या महाराष्ट्रात खाजगी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होण्यासाठी ही पदवी लागतच नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ची नियमावली आहे. तिच्यात पदवी, बी. एड. आणि पाच वर्षांचा शिकविण्याचा अनुभव मागितला आहे. एवढे असले आणि सेवेची नोंद समाधानकारक असली की जो सर्वांत ज्येष्ठ, त्याचा मान. म्हणजे मुख्याध्यापकपण वर्षे भरली की येते. मग आदल्या दिवशीपर्यंत फळ्यावर समीकरणे सोडविणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर बसतो, आणि पुढची दोन वर्षे कारकुनाला विचारविचारून काम शिकतो. तेवढी दोन वर्षे शाळा कशीबशी चालते. ज्यांची मुले त्या दोन वर्षांत दहावीला असतात, त्यांनी काय करावे?

ही अडचण वरच्या लोकांच्याही ध्यानात आली आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ साली शालेय नेतृत्वासाठी एक राष्ट्रीय केंद्रच काढण्यात आले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे की, शिक्षकांनी दर वर्षी ५० तास तरी स्वतःचे पुढचे शिक्षण घ्यावे, आणि मुख्याध्यापकांनाही नेतृत्व व व्यवस्थापन यांचे तसेच शिक्षण मिळावे. पण धोरणाची वाट न पाहता एखादीला आधीच शिकून ठेवायचे असेल, तर ही पदवी आहे.

आता घरातली गोष्ट सांगते. आमचे घर एकत्र आहे. सासूबाई, थोरले दीर आणि जाऊबाई, आम्ही दोघे आणि दोन्ही घरची मिळून चार मुले. जाऊबाई शाळेत जातात, घरचे मी पाहते. नाव घालण्याआधी जाऊबाईंनी सर्वांना बसविले आणि कालनिर्णयच्या पाठीमागे वेळापत्रक लिहिले. पहाटे साडेचार ते सहा त्यांचा अभ्यास; त्या वेळात त्यांना कोणी हाक मारायची नाही. सकाळचे सगळे डबे माझ्याकडे. रविवारी जिल्ह्याच्या गावी अभ्यासकेंद्रावर तास असले की दुपारचा स्वयंपाक माझ्या यजमानांनी आणि मुलांनी मिळून करायचा. पहिल्या रविवारी पिठले आणि भात झाला, दुसऱ्या रविवारीही पिठले आणि भातच झाला. सहाव्या रविवारी मुलांनी भाजी निवडून ठेवली होती. शिक्षण जाऊबाई घेत होत्या, पण थोडे थोडे घरातल्या सर्वांचेच होत होते.

मी त्या वेळी एक अट घातली. म्हटले, ‘ताई, पहाटे जे वाचाल ते संध्याकाळी मी पोळ्या लाटताना मला मराठीत सांगायचे. मला समजेल असे सांगायचे.’ त्यांची पुस्तके इंग्रजीत होती. त्या सांगत, मी विचारी. ‘पर्यवेक्षण म्हणजे चुका काढणे का?’ त्या म्हणत, ‘नाही. दुसऱ्याचा तास पाहून त्याला त्याचेच काम दाखविणे.’ ‘मग तो रागावत नाही का?’ ‘कसे दाखवितो त्यावर आहे.’ असे आमचे चाले. पुढे त्याच म्हणू लागल्या की, जे तुला सांगता येत नाही ते मला समजलेलेच नाही असे धरते आणि पुन्हा वाचते. त्यांचा अभ्यास पक्का झाला आणि मला घरबसल्या एक शाळा मिळाली.

याला किंमत पडली, तीही सांगितली पाहिजे. पदवी मिळाली की हार, पेढे आणि फोटो सर्वांना दिसतात, पण मागचा खर्च दिसत नाही. दोन वर्षे गौरीगणपतीत मी माहेरी गेले नाही. उन्हाळ्यात मी कुरडया, पापड, सांडगे करून देते, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. ते काम त्या काळात निम्म्यावर आले, आणि तेवढे पैसे माझ्या हातात कमी आले. जाऊबाईंच्या ते ध्यानात होते. त्यांनी मी न सांगता माझ्या नावाने पोस्टात खाते उघडले आणि अभ्यास संपेपर्यंत दर महिन्याला पाचशे रुपये त्यात भरले. रक्कम मोठी की लहान हा प्रश्न नाही. घरातल्या दुसऱ्या बाईच्या कष्टांचाही हिशेब असतो, हे त्यांनी मानले. ज्या घरात नोकरी करणारी बाई पुढे शिकू पाहते, त्या घरात हा हिशेब आधी बोलून घ्यावा. मनात ठेवला की तो कडू होतो, आणि मग दोष शिक्षणाला लागतो.

दोन वर्षांचा अभ्यास तिसऱ्या वर्षावर गेला. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद, परीक्षा पुढे गेल्या. घरात चांगला फोन एकच. त्यावर मुलांचे वर्ग आणि जाऊबाईंचे त्यांच्या विद्यार्थ्यांना शिकविणे. स्वतःचा अभ्यास त्यांनी रात्री केला. मुक्त विद्यापीठाची एक सोय अशी की, ठरलेल्या मुदतीच्या आत सवडीने परीक्षा देता येतात. तसे करून २०२१ साली त्या एम. ए. झाल्या. आळीत पेढे वाटले. पुष्कळांनी विचारले, ‘आता पगार वाढला का?’ पगार वाढला नव्हता. तेव्हा काही जण म्हणाले, मग उपयोग काय?

उपयोग कळायला दोन वर्षे जावी लागली. २०२३च्या मे महिन्यात त्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. ज्येष्ठतेने जाऊबाईंचा क्रम होता. इथे नियमातली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या बायकांना फार लागू आहे. ज्येष्ठ शिक्षकाने आपखुशीने लेखी हक्क सोडला, तर ते पद त्याच्या खालच्याला मिळते. नियम स्त्रीपुरुष दोघांनाही एकच आहे. पण तुमच्या ओळखीतल्या शिक्षिकांना विचारून पाहा. असा कागद लिहून देणाऱ्या बाया तुम्हांला भेटतील. कोणाची मुलगी बारावीला असते, कोणाचे सासरे अंथरुणावर असतात, कोणाच्या यजमानांना संध्याकाळी उशीर झालेला चालत नाही. कागदावर ‘आपखुशीने’ असे लिहायचे असते. ती खुशी कितपत असते, हे लिहिणारीच जाणते.

जाऊबाईंनाही शिक्षकांच्या खोलीत सल्ले मिळू लागले. ‘बाई, सहा वर्षं राहिली. कशाला डोक्याला ताप? लिहून द्या आणि सुखानं तास घ्या.’ सल्ला देणारे वाईट नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होते की, बाईमाणसाला हे झेपायचे नाही. घरी थोरले दीर म्हणाले, ‘तुझं तू ठरव.’ हे वाक्य ऐकायला फार चांगले असते. पण भाकरी कोण भाजणार, ते त्यात येत नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचे ऑपरेशन त्याच महिन्यात ठरलेले. दोन दिवस जाऊबाई काही बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर सासूबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, ‘लिहून दिलं तर तुला काय मिळंल?’ जाऊबाई म्हणाल्या, ‘काही नाही.’ ‘मग फुकटात कशाला सोडायचा हक्क? आणि ती पुस्तकं पहाटे उठून वाचलीस, ती कशाला?’ सासूबाईंना सही करण्यापलीकडे लिहिता येत नाही. पण त्या दिवशी घरात त्यांच्याएवढे नेमके कोणी बोलले नाही. मी म्हटले, ‘ताई, ऑपरेशनचे मी पाहते. संध्याकाळचा उशीर आपण वाटून घेऊ.’ दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी शाळेत सांगितले की, हक्क सोडणार नाही.

नंतर त्या मला म्हणाल्या, ‘मला पदाचा मोह नव्हता. पण ते काम काय आहे ते मला ठाऊक होते, म्हणून भीती वाटली नाही. ठाऊक नसते तर मीही लिहून दिले असते.’ त्या पदवीचा उपयोग मी हा समजते. तिने पगार दिला नाही, पण नको त्या कागदावर सही करण्याची पाळी येऊ दिली नाही.

आता त्या शिक्षणाने शाळेत काय बदलले, त्याचे एकच उदाहरण देते. त्यांच्या शाळेची घंटा साडेदहाला होते. पलीकडच्या वाडीहून येणारी एस. टी. पावणेअकराला पोचते. त्या गाडीने अकरा मुली येत. पूर्वीच्या रीतीप्रमाणे उशिरा आलेल्यांना बाहेर उभे करीत आणि हजेरीवर गैरहजेरी लागे. पावसाळ्यात त्यांतल्या तीन मुलींनी येणेच सोडले. शाळेत सर्वांचे मत एकच, त्या वाडीच्या मुलींना शिस्त नाही. जाऊबाईंनी हजेरीची पाने मांडून पाहिली. त्याच अकरा मुली, तोच पहिला तास, रोज. त्यांना अभ्यासात शिकविले होते की, काही बिघडले तर दोष मुलापासून शोधायला लागू नये. आधी घंटा पाहावी, मग वेळापत्रक, मग शिकविणे, आणि शेवटी मूल. त्यांनी घंटेपासून सुरुवात केली. शाळेची पहिली पंचवीस मिनिटे अवांतर वाचनाची केली आणि हजेरी त्यानंतर घ्यायला लावली. डेपोला शाळेच्या समितीच्या ठरावासह अर्ज केला. गाडीची वेळ बदलायला चार महिने लागले, पण तोवर मुली बाहेर उभ्या राहिल्या नाहीत. गेलेल्या तिघींपैकी दोघी परत आल्या. तिसरीच्या घरी जाऊबाई दोनदा जाऊन आल्या. तिला मामाच्या गावी पाठविले होते. तिथल्या शाळेत तिचे नाव लागेपर्यंत त्यांनी दाखल्याचा पाठपुरावा केला.

यात मोठेसे काय, असे कोणी म्हणेल. मोठे काही नाहीच. एक घंटा आणि एक हजेरीपट. पण वीस वर्षे ती घंटा तशीच वाजत होती.

आता मला एका वाक्याविषयी बोलायचे आहे. सत्काराच्या सभांत ते हटकून ऐकू येते : ‘जी घर चालवते ती शाळाच काय, देशही चालवील.’ टाळ्या पडतात. मला ते वाक्य पटत नाही, आणि मी घर चालविणारीच बाई आहे. घरात मी तोंड पाहून निर्णय करते. एका मुलाला चार रुपये देते, दुसऱ्याला दोन, आणि ते कोणाला सांगत नाही. शाळेत असे केले तर तो अन्याय होतो. घरात आमटी खारट झाली तर बटाटा घालून निभावते. शाळेत अनुदानाचा हिशेब चुकला तर बटाटा घालता येत नाही. घरात माझा शब्द चालतो, कारण मी घरची आहे. शाळेत शब्द चालतो तो नियम आणि नोंदी यांच्या बळावर, आणि त्या खुर्चीत उद्या दुसरे कोणी बसणार असते. घरचे शहाणपण उपयोगी पडते, नाही असे नाही. सर्वांत मागे कोण जेवायचे राहिले, हे पाहण्याची सवय शाळेतही हवीच. पण तेवढ्यावर भागत नाही. बाईला उपजतच सगळे येते, असे म्हणणे ऐकायला गोड लागते. त्याचा अर्थ मात्र असा होतो की तिला शिकायला वेळ आणि पैसा देण्याचे कारण नाही.

ज्या बायकांची नावे आपण आदराने घेतो, त्यांनी उपजत शहाणपणावर विसंबून काम केलेले नाही. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकविणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेतले होते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. मोठ्या वयाच्या बायकांना शिकवून त्यांना शिक्षिका करण्याचे काम तिथे झाले. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. आणि ताराबाई मोडकांचे पाहा. राजकोटला बायकांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करायला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी त्यांनी केलेले काम सर्वांना ठाऊक आहे. पद आधी मिळाले होते, तरी शिकायचे राहिलेले त्यांनी शिकून घेतले.

तुम्ही म्हणाल, शिक्षिकांचे ठीक आहे, आम्हां घरी बसणाऱ्यांचे यात काय? आपलेही आहे. २००९ सालचा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा २०१० पासून लागू झाला. त्यात सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. समितीने शाळेचे काम पाहायचे, अनुदान कसे खर्च झाले ते पाहायचे, शाळेच्या विकासाचा आराखडा करण्यात भाग घ्यायचा. पण पुष्कळ ठिकाणी काय होते? रजिस्टर घरी येते, ‘वहिनी, इथं सही करा’ म्हणतात, आणि चहाच्या आधणाकडे पाहत सही होते.

माझा धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत होता तेव्हा मीही त्या समितीवर होते. जाऊबाईंनी मला तीन प्रश्न शिकवून ठेवले होते. पहिला : या वर्षीचा आराखडा कुठे आहे, वाचून दाखवा. दुसरा : आलेले अनुदान कशावर खर्च झाले? तिसरा : शाळेत यायचे कोणाचे थांबले आहे, आणि त्याच्या घरी कोण जाऊन आले? मी ते तिन्ही प्रश्न दर सभेत विचारीत असे. पहिल्या सभेत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तिसऱ्या सभेपासून गुरुजी कागद आधीच काढून ठेवू लागले. त्यांना ते जाचक वाटले नाही. उलट म्हणाले, कोणी विचारणारे असले की वर मागायलाही बळ येते. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी बसली ती त्याच वर्षी. सातवी शिकलेल्या बाईला एवढे करता आले, ते जाऊबाईंची पुस्तके पोळ्या लाटताना कानावर पडली म्हणून.

ज्या शिक्षिका भगिनी इथे आहेत, त्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. नोकरी सोडून शिकण्याची गरज नाही. एम. एड.मध्येही हा विषय असतो, पण त्याला बी. एड. झालेले लागते आणि बहुतेक ठिकाणी वर्गात हजर राहावे लागते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी मुक्त विद्यापीठांकडे चौकशी करावी. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. कोणते अभ्यासक्रम सध्या चालू आहेत, माध्यम कोणते, मुदत किती, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावे. एकदम एम. ए. झेपत नसेल तर शालेय व्यवस्थापनाची लहान पदविका मिळते का ते पाहावे. दुसरी गोष्ट, पैसे भरण्याआधी त्या दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे ना, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहून घ्यावे. जाहिरातीवर विश्वासू नये. आणि मुख्याध्यापकपणाला दोनतीन वर्षे राहिली असतील, तर आताच सुरू करावे. खुर्चीवर बसल्यावर पुस्तक उघडायला वेळ मिळत नाही, असे जाऊबाई सांगतात.

सासूबाईंना, नणंदांना आणि जावांना माझे सांगणे असे की, घरातली एखादी शिकायला बसली तर तिला नुसते ‘शिक बाई’ म्हणू नका. तिच्या वाटचे कोणते काम कोण करणार, ते बसून ठरवा. पुरुषांनाही त्यात घ्या. पिठले-भात सर्वांना येतो. आणि शिकणारीला माझे सांगणे असे की, जे शिकाल ते घरातल्या बाईला सांगत जा. तिने आपला वेळ दिलेला असतो, तर विद्येचाही थोडा वाटा तिला मिळावा.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपले हे सभागृह संध्याकाळी सहा ते आठ बंदच असते. इथे दिवा आहे, पंखा आहे, चार टेबले आहेत. ज्या मुलींना आणि बायकांना घरी अभ्यासाला कोपरा मिळत नाही, त्यांच्यासाठी ते दोन तास उघडे ठेवावे. किल्लीची जबाबदारी मी घेते. आणि वर्षातून एकदा, शाळांच्या समित्यांवर असलेल्या आपल्या सभासद भगिनींनी इथे जमून आपापल्या शाळेचा आराखडा वाचावा. ज्या शब्दाचा अर्थ लागणार नाही तो सांगायला जाऊबाई येतील. मी त्यांना विचारून ठेवले आहे.